बासष्ट आप्पा आणि एक शारदा

दिवाळीच्या सुट्टीत लोक चकल्या खातात आणि मी असाइनमेंट तपासत चकल्या खाते, त्यामुळे आमच्या कॉलेजात दरवर्षी चारपाच पोरांच्या कागदावर तेलाचे डाग असतात आणि ते माझे असतात. ह्या वेळी गठ्ठा ६२ चा होता. प्रश्न सगळ्यांना एकच, 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरांचं व्यक्तिचित्रण करून नाटकाचा आशय स्पष्ट करा, मार्क २०. (गणपतराव म्हणजेच आप्पा, निवृत्त झालेला नट.) प्रश्न मीच काढलाय, त्यामुळे दुसऱ्या कोणाला शिव्या घालायचीही सोय नाही.

पहिले दहा पेपर तपासले की कळतं यंदा कोणती पीडीएफ फिरतेय. ह्या वर्षीच्या पीडीएफमध्ये कोणीतरी बेलवलकरांचं 'बेलवकर' करून ठेवलंय आणि ते अकरा जणांनी इमानेइतबारे तसंच उतरवलंय, सात वेळा, वर स्केचपेनने अधोरेखित करून. मग येतात एआयवाले. त्यांची भाषा इतकी शुद्ध असते की मलाच न्यूनगंड येतो, पण नाटकात काय घडतं ते मात्र कुठेच नसतं, सगळीकडे 'मानवी नातेसंबंधांची गुंतागुंत'. आणि तिसरा गट म्हणजे सिनेमावाले. हे माझे खास लाडके, कारण ते निदान काहीतरी बघून आलेले असतात. सिनेमावाला ओळखायची खूण सोपी आहे, निबंधात रामभाऊ आला की समजायचं. शिरवाडकरांच्या नाटकात रामभाऊ नाहीच, आप्पांचा हा मित्र २०१६ च्या सिनेमात आला, आणि विक्रम गोखल्यांनी असा काही केलाय की पोरांना तो मूळचाच वाटतो. त्यांचा दोष नाही, मलाही तो नाटकात शोधावासा वाटतो. पण सुनेचं नाव 'नेहा' लिहिलं की मी लाल पेन उचलते, कारण नाटकात ती शारदा आहे, मुलगा नंदा, मुलगी नलू.

एकाने तर लिहिलंय, वि. वा. शिरवाडकर यांच्यावर कुसुमाग्रजांचा मोठा प्रभाव होता. आम्ही नाशिक जिल्ह्यात आहोत हो. दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रज म्हणजेच शिरवाडकरांच्या जयंतीला, ह्याच पोरांकडून फलक लेखन करून घेतो, फोटोला हार घालतो, आणि फोटोतले एक आणि नाटकातले दुसरे असा ह्यांचा समज आहे. मी कागदावर फक्त उद्गारचिन्ह काढलं, काही सुचेना.

पण खरी तक्रार चुकांबद्दल नाहीये. माझी तक्रार विशेषणांबद्दल आहे. आप्पा स्वाभिमानी, आप्पा हळवे, आप्पा दानशूर, आप्पा रंगभूमीचे निस्सीम उपासक, त्यांची बायको कावेरी त्यागी, सोशिक, पतिपरायण, मुलं कृतघ्न. व्यक्तिचित्रण म्हटलं की पोरं कॅरॅक्टर सर्टिफिकेट लिहायला बसतात, खाली फक्त प्राचार्यांचा शिक्का मारायचा राहतो. आणि आशय म्हणजे शेवटचा परिच्छेद, 'मुलांनी आईवडिलांना म्हातारपणी सांभाळावे हा संदेश लेखकाने दिला आहे'. ६२ पैकी साधारण पन्नास जणांनी हा संदेश दिला आणि चाळीसेक जणांनी 'कुणी घर देता का घर' ही ओळ टाकली, पण आप्पा ते म्हणतो तेव्हा त्याच्या पायाखाली किती काय निसटलेलं असतं ते एकानेही लिहिलं नाही. ती ओळ आता पुण्यात टू बीएचके शोधणाऱ्यांच्या मीममध्ये असते, तिथूनच आली असेल.

हे मी फार शहाणी असल्यासारखं लिहितेय पण मी टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना माझाही ह्याच नाटकावर निबंध होता. गाईड समोर ठेवून लिहिलेला, आठ पानं, आणि आमच्या सरांनी कुठेही काहीही खोडलं नव्हतं, फक्त प्रत्येक विशेषणाशेजारी मार्जिनमध्ये बारीक अक्षरात 'कुठे?' एवढंच लिहिलं होतं. स्वाभिमानी, कुठे? हळवे, कुठे? आठ पानांत एकोणीस 'कुठे?'. मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता मीही तेच लिहिते आणि पोरांना माझा राग येतो, चक्र पूर्ण.

तर पंचेचाळीस-सेहेचाळिसावा पेपर असेल. चकल्या संपलेल्या. पेपर दोनच पानांचा, आखीव कागद, निळ्या बॉलपेनचं थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर, प्रस्तावना नाही, पहिलं वाक्यच असं की आप्पासाहेबांविषयी सगळे लिहितील म्हणून मी सूनेकडून लिहिते. 'सूनेकडून' मधला सू दीर्घ. मी सवयीने ऱ्हस्व केला आणि मग पेन खालीच ठेवलं.

ही मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसते, बोलत नाही, एसटीने येते. तिने काय केलं होतं, तर पहिल्या प्रवेशापासून हिशेब मांडला होता. आप्पांचा सत्कार होतो, आणि त्या आनंदात आप्पा सगळं वाटून मोकळे होतात, घर मुलाला, पैसा मुलीला. कावेरी सावध करते, समोरचं ताट द्यावं पण बसायचा पाट देऊ नये म्हणते, पण ऐकतंय कोण. इथे बाकीचे ६१ जण 'दानशूर' लिहून पुढे गेलेत. हिने विचारलंय की देताना आप्पांनी कोणाला विचारलं? सुनेला तर नाहीच. घर मिळालं नवऱ्याला आणि घराबरोबर सासूसासरे मिळाले तिला. आणि सासरे कसे, तर आयुष्यभर दौऱ्यावर, घरात पाहुण्यासारखे येऊन गेलेले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा, तोच आवाज आता चार भिंतींत. माणूस वाईट नाही हो, असं तिने मध्येच लिहिलंय, 'हो' सकट, जसं शेजारणीला सांगावं.

मग तिचा मुद्दा येतो आणि तो मी तीनदा वाचला. आप्पा बायकोला 'सरकार' म्हणतात. सगळ्यांना ते फार गोड वाटतं, मलाही इतकी वर्षं वाटत होतं, वर्गात मी ते डॉ. लागूंच्या आवाजात म्हणून दाखवायचा प्रयत्नही करते. ही म्हणते की सरकार म्हणतात पण हुकूम कोणाचा चालतो? वाटणीच्या वेळी सरकारचं ऐकलं का? सरकारने तीसचाळीस वर्षं आप्पांच्या मागचं घर चालवलं म्हणून आप्पांना पुढचं स्टेज मिळालं, आणि आता निवृत्त झाल्यावर आप्पांना घरात दुसरी कावेरी पाहिजे. शारदाकडून तीच अपेक्षा आहे, फक्त तिला कोणी सरकार म्हणत नाही.

म्हणजे बघा, वर्षानुवर्षं मी हे नाटक शिकवतेय, २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग, दि गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, आप्पा डॉ. श्रीराम लागू, कावेरी शांता जोग, हे सगळं झोपेतही सांगेन. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी तुलनाही दरवर्षी शिकवते. आणि पोरं दरवर्षी 'हे किंग लिअरचे भाषांतर आहे' असं लिहितात आणि मी दरवर्षी खोडते, कारण लिअर राज्य देण्याआधी मुलींची परीक्षा घेतो, कोण माझ्यावर किती प्रेम करतं ते बोलून दाखवा म्हणतो, आणि जी बोलत नाही त्या कॉर्डेलियाला हाकलतो. आप्पा परीक्षा वगैरे काही घेत नाही, तो देऊन टाकतो. आणि नाटकात कॉर्डेलिया नाही, शेवटी परत येऊन मिठी मारणारी मुलगी नाही, त्याच्या वाट्याला येतो तो बूटपॉलिश करणारा राजा. इथपर्यंत माझ्या नोट्समध्ये आहे. पण लिअरच्या नाटकात राणी कुठेच नाही आणि शिरवाडकरांनी मात्र कावेरी उभी केली, हा फरक माझ्या नोट्समध्ये एका ओळीत होता, 'कौटुंबिक जिव्हाळा वाढतो' असं काहीतरी. त्या एका पात्राने सगळं प्रकरण राजाच्या वेडाकडून स्वयंपाकघराकडे वळतं हे मला त्या झुकलेल्या अक्षरातून कळलं.

तिचं सगळंच पटलं असं नाही. नलूच्या घरी चोरीचा आळ येतो तो प्रसंग तिने दीड ओळीत उरकलाय, आणि तिथेच तिचा हिशेब अडखळतो, कारण जागा कमी पडणं, आवाज मोठा असणं हे एक आणि बापाला चोर समजणं हे वेगळं. शारदेची बाजू घेता येते, नलूची घेऊन दाखव म्हणावं. शिवाय एका वाक्यात तिने लिहिलंय की शारदाला स्वतःची अशी खोलीच उरली नव्हती. मी शेजारी लिहिलं, 'कुठे?'. नाटकात असं कुठे आहे? मला तरी आठवेना.

आता मार्क. आमचा तक्ता ठरलेला आहे, मुद्देसूद मांडणी ५, आशयाचे आकलन ५, भाषाशुद्धी ५, प्रस्तावना आणि समारोप ५. हिला प्रस्तावना नाही, समारोप तर नाहीच, निबंध मधेच थांबतो. शुद्धलेखन विचारू नका. बेरीज झाली १३. त्याच गठ्ठ्यात एका 'बेलवकर'ला मी १५ दिले होते, सुंदर अक्षर, समारोपात सुभाषित. मी तक्ता मोडून १३ चे १४ केले आणि पोर्टलवर भरून टाकले. तासिका तत्त्वावरची मी, उद्या कोणी तक्ता काढून विचारलं तर काय सांगणार? की मॅडमना फार आवडलं म्हणून? हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय पण केलं ते केलं.

सुट्टी संपल्यावर ती स्टाफरूमच्या दारात उभी. मार्क वाढवा म्हणायला आलीय असं वाटून मी आधीच तयारीत, अगं समारोप का नाही लिहिलास म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, कोण चुकलं ते मला अजून कळलंच नाही, मग समारोप काय लिहू?" तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे इंग्रजीचे सर खो खो हसले, आणि ती बिचारी लाल झाली.

मार्कांचं तिने विचारलंच नाही. ती आली होती 'कुठे?' घेऊन. खोलीबद्दल मी जिथे लिहिलं होतं तिथे बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, मला वाटलं पुस्तकात आहे. का ते आमच्याच घरचं लिहिलं मी?" आजोबा गावाहून आल्यापासून ती आणि तिची आई स्वयंपाकघरात झोपतात, हे तिने असं सांगितलं जसं बसचा टायमिंग सांगावा.

लायब्ररीत नाटकाच्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही कायम कोणाकडेतरी असतात, म्हणून मी पर्समधून माझी काढली, पुठ्ठा निघालेली, आणि आम्ही दोघी उभ्याउभ्याच पानं चाळायला लागलो, नंदाच्या घरचा प्रवेश, रंगसूचना, कोण कुठून आत येतं, कुठला दरवाजा. चारपाच पानं झाली असतील तर तासाची बेल वाजली. मला एफवायचा वर्ग होता, वरच्या मजल्यावर. पुस्तक तिच्याच हातात राहिलं, अजून तिच्याकडेच आहे.