असेल, असावा, असणार

सप्टेंबरमध्ये इंग्लंडला शिकायला निघालेल्या सांगली-मिरजेच्या तिघांचे या आठवड्यात मेसेज आले. प्रश्न एकच: "ताई, आयईएलटीएसला सात आहेत, म्हणजे इंग्रजीचं टेन्शन नाही ना?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते.

मलाही सातच होते. त्या इंग्रजीच्या परीक्षेतल्या मोठ्या लेखनाला चाळीस मिनिटं आणि किमान २५० शब्द. मत मांडायचं, उदाहरण द्यायचं. ते कुठून आणलं हे कुणी विचारत नाही. एमएस्सीचा पहिला निबंध ३,००० शब्दांचा होता आणि तिथे प्रत्येक वाक्याला हाच प्रश्न होता: हे कशावरून?

मी विषय घेतला २०१९ चा आमचा पूर. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यामुळे मला वाटलं, यात वाचायचं काय आणखी? पहिलंच वाक्य ठोकून दिलं: खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगलीत पूर आला. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील.

४८ मार्क पडले. पास व्हायला ५० लागतात. त्या वाक्यासमोर शिक्षिकेचा एकच शब्द होता: 'एव्हिडन्स?' आणि खाली टर्निटिनने, म्हणजे नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने, दोन परिच्छेद रंगवलेले. ते मी एका अहवालातून जवळजवळ जसेच्या तसे घेतले होते. अहवालाचं नाव शेवटच्या यादीत दिलं होतं, म्हणून त्यात काही चुकलंय हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पुस्तकातली व्याख्या शब्द न बदलता उतरवली की पूर्ण मार्क, हेच शाळेपासून अंगवळणी पडलेलं. त्या रात्री मी खूप रडले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सांगते: उतारा वाचा, लॅपटॉप बंद करा, आणि त्यात काय म्हटलंय ते मोठ्याने मराठीत कुणाला तरी सांगा. मग इंग्रजीत लिहा. मराठीतून फिरून आलेलं वाक्य तुमचं स्वतःचं असतं. आणि संदर्भ तिथल्या तिथे, त्याच वाक्यात द्या.

दुसरी गोष्ट मला उमगली ती फोनवर. आईला विचारलं, "बाबा आहेत का?" ती म्हणाली, "आंघोळीला गेले असावेत, बाथरूमचं दार बंद दिसतंय." मी तिथेच थांबले. बाबा गेलेत, गेले असतील, गेले असावेत, गेले असणार, गेलेत म्हणे. आई दिवसभर हे बोलते आणि एकदाही चुकत नाही. किती खात्री आहे आणि ती कशावरून, हे तिच्या क्रियापदातच असतं. इंग्रजीत 'हेजिंग' म्हणून जे शिकवतात ते हेच: 'मे हॅव', 'मस्ट हॅव', 'अपिअर्स टू'. तसंच दुसऱ्याचं म्हणणं सांगतानाही. 'शोज' लिहिलंत की तुम्हीही ते मान्य केलंत, 'आर्ग्यूज' म्हणजे तो त्याची बाजू मांडतोय, आणि 'क्लेम्स' म्हटलंत की तुम्ही जरा लांब उभे राहिलात. यासाठी मँचेस्टर विद्यापीठाची 'अकॅडमिक फ्रेझबँक' इंटरनेटवर बघता येते. मी ती रोज उघडत असे.

'अ' आणि 'द' अजूनही चुकतात. मराठीत ते नाहीतच, वेळ लागणार. त्यापायी झोप घालवू नका.

निबंध पुन्हा लिहिला तेव्हा ते पहिलं वाक्य फुटून तीन झाली. अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर आला असं सांगलीत अनेकजण मानतात. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र २०२० च्या अहवालात पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही. त्या दिवसांतला पाणलोट क्षेत्रातला पाऊस पाहता, केवळ एका धरणाकडे बोट दाखवणं अपुरं ठरावं. हे लिहिताना हात जड झाला होता; गल्लीतल्या सगळ्यांच्या विरुद्ध जातेय असं वाटत होतं. दुसऱ्या खेपेला नियमाने ५० च्या वर देत नाहीत, तेवढे मिळाले. शेरा होता: 'आता तुझं म्हणणं कळतंय.'

बाबांना फोनवर सगळं मराठीत वाचून दाखवलं. समितीचं त्यांना पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपल्या घरात पाणी कुठवर आलतं, ते लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर फोटो आला. मधल्या खोलीच्या भिंतीवरची पुराची खूण, तिला लावलेली मोजपट्टी, आणि पट्टीवर बाबांचा अंगठा: ५ फूट ४ इंच. पुढे एमएस्सीच्या प्रबंधात ती आकृती क्रमांक १ आहे.