आमची वाटचाल : मासे विकता विकता पाण्याच्या धंद्यात

आमचं दुकान नाशिकचं. सुरुवात चारचौघांसारखीच, क्रॉफर्ड मार्केटला जायचं, गोल्डफिश, मोली, एंजल आणि वास्तूवाल्यांसाठी फ्लॉवरहॉर्न उचलायचे, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात रचायच्या आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. माशात मार्जिन बरं असतं पण मासा मेला की गिऱ्हाईक पहिलं दुकानदाराकडेच बोट दाखवतं, म्हणून हळूहळू टाक्यांच्या मेंटेनन्सची कामं घ्यायला लागलो. दवाखाने, हॉटेलं, सोसायट्यांच्या लॉबी.

शहरात काही अडचण नव्हती. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी, त्यातलं क्लोरीन घालवलं की झालं, आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की माशांच्या घाणीतनं साठणारं नायट्रेट आपोआप खाली. खरी गंमत सुरू झाली ती शहराबाहेरच्या फार्महाऊसवर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये. पाणी बदललं तरी टेस्ट किटचा रंग लालच. एक गिऱ्हाईक तर वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमची पोरं पाणी बदलतात का नुसतीच काच पुसून जातात?" मग थेट बोअरचंच पाणी तपासलं तर त्यातच 40-50 पीपीएम (म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम) नायट्रेट! पिण्याच्या पाण्याची सरकारी मर्यादाच 45 आहे. आजूबाजूला शेती, खतं, शोषखड्डे, ते झिरपून खाली जाणारच. असल्या पाण्याने टाकी कितीही बदला, आकडा त्याच्या खाली उतरणार कसा. आरओ लावता येतो पण मोठ्या टाकीला तो जितकं पाणी देतो तितकंच किंवा जास्त वाया घालवतो, आणि मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या माणसाला हे सांगायला तोंड होत नाही.

तिथून नायट्रेट फिल्टरचा नाद लागला. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातनं अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, पुढे नायट्रेट, आणि स्पंज, सिरॅमिक रिंगा, महागडा कॅनिस्टर फिल्टर हे सगळे तिथेच थांबतात कारण त्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो. नायट्रेटचा गॅस करून हवेत सोडणारे बॅक्टेरिया वेगळे, त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते, मग ते नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात. म्हणजे पाणी इतकं हळू सोडायचं की वाटेतच ऑक्सिजन संपला पाहिजे.

आम्ही बनवतो तो कॉइलवाला. चार इंची पीव्हीसी पाईप, दोन्ही बाजूंना एंड कॅप, आत एअरपंपाची बारीक नळी साधारण शंभर फूट गुंडाळलेली, मधल्या पोकळीत बायोबॉल, म्हणजे बॅक्टेरियांना चिकटून राहायला प्लास्टिकचे जाळीदार गोळे. पाणी नळीतनं फिरत तळाशी जातं आणि बायोबॉलमधनं वर येऊन बाहेर. थेंब सेट करायला दुकानातले व्हॉल्व्ह दोन दिवसांत सरकायचे, शेवटी मेडिकलमधनं सलाइनचा सेट आणला, त्याचा रोलर आणि थेंब मोजायची ती छोटी बाटली, याच्याइतकं स्वस्त आणि नेमकं काही मिळालं नाही. सुरुवातीला सेकंदाला एक थेंब, बस. गिऱ्हाईकाला वाटतं पैसे घेऊन हे काय दिलंय, नुसतं टिपटिपतंय! पण महिना-दीड महिना तसंच चालू द्यायचं, रोज चिमूटभर साखरेचं पाणी आत सोडायचं कारण या बॅक्टेरियांना कार्बनचं खाणं लागतं, आणि बाहेरचा थेंब टाकीत नाही, बादलीत घ्यायचा.

बादलीतलं पाणी काय सांगतं ते वाचता आलं की अर्धं काम आलं. आधी नायट्राइट तपासायचं. ते दिसलं तर काम अर्ध्यावर थांबलंय, थेंब कमी करा किंवा खाणं थोडं वाढवा. आणि नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बरेच किट नायट्राइटलाही नायट्रेट म्हणूनच मोजतात. दोन्ही शून्य आणि सडक्या अंड्याचा वास आला तर उलटं, पाणी फार रेंगाळतंय, थेंब वाढवा. वास नाही, दोन्ही शून्य, मग टाकीत सोडा, तेही एअरस्टोनजवळ, कारण त्या पाण्यात ऑक्सिजन नावाला नसतो.

सगळ्यात जास्त डोकेदुखी लोडशेडिंगची. लाईट गेली की पंप बंद, आतलं पाणी तासन्‌तास साचून नासतं आणि लाईट आली की तेच काळपट वासाचं पाणी टाकीत. तो सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइड गॅसचा, माशांना फार वाईट. म्हणून फिल्टरचा पंप आम्ही इन्व्हर्टरवरच घ्यायला लावतो, आणि लाईट जास्त वेळ गेली असेल तर पाणी परत बादलीत घ्यायचं हे वॉचमनलासुद्धा शिकवून ठेवलंय, मालकापेक्षा तोच नीट करतो.

आता गंधकावर चालणारेही बनवतोय. त्यात साखरेची भानगड नाही, बॅक्टेरिया गंधकावरच जगतात, पण पाणी आंबट होतं म्हणून पुढे कोरलचे तुकडे भरलेला दुसरा पाईप जोडावा लागतो. आमच्याकडे द्राक्षवाले गिऱ्हाईक भरपूर, ते हमखास विचारतात, भुरीवर मारतो ते गंधक घरात पडलंय, टाकू का? नको दादा, ती पावडर पाण्यात विरघळल्यासारखी पसरते, त्यात बाकीचंही काय काय असतं. दाणेदारच लागतं.

आणि खरं सांगायचं तर दुकानात येणाऱ्या बऱ्याच लोकांना आम्ही हा फिल्टर देतच नाही. नळाचं पाणी, एक फ्लॉवरहॉर्न, अशा माणसाला सांगतो खाणं कमी घाला, वेळेवर पाणी बदला, मनी प्लांटची मुळं टाकीत सोडा, तेही नायट्रेट खातं. मावसभाऊ यावरनं चिडतो, म्हणतो आलेलं गिऱ्हाईक घालवतोस. पण तोच माणूस पुढे बोअरवाल्या सोसायटीत राहायला गेला की फोन आपल्यालाच करतो. सध्या तर निम्म्याहून जास्त काम तिकडचंच आहे, मासे आता बाजूच्या रॅकवर गेलेत.