पऱ्हाटी सापडंना

आप्पा निवृत्त झाल्यापासून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतायत. आधी आईच्या तोंडच्या, मग रेणापूरच्या मावशीच्या, मग इथं अंबाजोगाईत आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या. बाराशेच्या वर झाल्या. मागच्या आषाढात त्यांनी मला हाक मारली, "ये बरं इकडं. पऱ्हाटीच्या ओव्या आपल्याच घरात टाइप झाल्यात अन् मलाच सापडंना झाल्यात."

शोधल्यावर नऊ येत होत्या. आप्पांना वीसच्या वर तोंडपाठ होत्या.

पऱ्हाटी आणि पर्‍हाटी. हे दोन शब्द तुम्हाला सारखेच दिसतायत ना? पण संगणकासाठी ते वेगळे आहेत. पापणीसारखा दिसणारा तो अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. पहिल्या शब्दात नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, आहे. भाचीच्या मोबाइलवर असंच उमटतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्यामागं झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आहे. आप्पांच्या संगणकावर तसं. युनिकोड ही संगणकात सगळ्या लिप्या साठवायची पद्धत. तिचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं जुळवायचा नियम, र आणि नुक्ता सुटे टाइप केले असतील तर त्यांना ऱ शी जुळवून घेतं, पण ही दोन रूपं ते एक मानत नाही. म्हणून एकाच घरातल्या ओव्या दोन वाट्यांत विभागल्या गेल्या होत्या.

आप्पा ज्या प्रोग्राममध्ये लिहितात तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो अन् दुरुस्ती सुचवता येते. त्याच रात्री चौदा ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिहिला: शोधताना नुक्ता आणि जॉइनर दोन्ही गाळून टाकायचे. पाठवला. दोन दिवसांनी एका मेंटेनरचा, म्हणजे तो प्रोग्राम सांभाळणाऱ्याचा, एकच प्रश्न आला: हे गाळल्यावर एखाद्या शब्दाचा अर्थ बदलतो का?

मला राग आला. मराठीचा म माहीत नसलेला माणूस मला मराठी विचारतोय असं वाटलं. 'नाही' म्हणून लगेच उत्तर दिलं. रात्री जेवताना आप्पांना सांगितलं, तर त्यांनी हातातला घास तसाच ठेवला. "अरे, दऱ्या डोंगरात असतात अन् दर्या म्हणजे समुद्र. लग्नात आचाऱ्याला बोलवायचं का आचार्याला, दोन्ही एकच करून टाकतोस का?"

बरोबर होतं. नुक्ता आणि जॉइनर काढले की पापणीचा र जातो आणि डोक्यावरचा रफार उरतो. दऱ्या शोधल्या की दर्याही आला असता. तो प्रश्न विचारला गेला नसता तर माझी चूक त्या प्रोग्रामबरोबर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात गेली असती. दुसऱ्या दिवशी मी माझं 'नाही' मागं घेतलं, आणि आप्पांनी कॅलेंडरच्या पानामागं शब्दांची यादी करून दिली: दऱ्या, दर्या, गुऱ्हाळ, बिऱ्हाड, कुऱ्हाड, पऱ्हाटी. तीच माझी टेस्टची यादी झाली. नवा पॅच जॉइनरवाल्या रूपाचं ऱ मध्ये रूपांतर करतो, तेही फक्त शोधाच्या सूचीत. माणसानं लिहिलेल्या मजकुराला हात लावत नाही.

पुढचं मात्र मला अजून पटलेलं नाही. दुसरा एक मेंटेनर म्हणाला, हे काम आमचं नाही, खालच्या लायब्ररीचं, म्हणजे ज्या तयार कोडवर आमचा प्रोग्राम उभा आहे त्याचं. तिथं गेलो, तर ते म्हणाले, भाषेचा नियम आहे, वरच्या प्रोग्राममध्येच करा. तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडं आणि तिथून परत तलाठ्याकडं, असा दीड महिना गेला. मध्येच कोणीतरी येऊन लिहून गेलं की ही भाषा वापरतात तरी किती जण. मी २०११ च्या जनगणनेचा आकडा दिला, मातृभाषा मराठी सांगणारे ८.३ कोटी. त्यावर कुणीच काही बोललं नाही. नंतर पाच महिने सगळं गप्प. तेवढ्यात मूळ कोड बदलत राहिला आणि मी तीनदा पॅच नव्यानं बसवला.

नाही म्हणा, पण म्हणा. पाच महिने उत्तर न देणं हे नकारापेक्षा वाईट आहे, आणि हे माझं मत बदललेलं नाही.

मार्चमध्ये मी एक कडक मेसेज लिहून तयार ठेवला होता: तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. पाठवायच्या आधी फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रामचं प्रकरण आठवलं. तो प्रकल्प एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांवरून त्याच्यामागं लकडा लागला की पॅच का घेत नाही, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार दे. 'जिया टॅन' नावानं वावरणाऱ्या कुणीतरी मदत करत करत विश्वास मिळवला, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घालून ठेवला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं खोदून पाहिलं, तेव्हा ते उघडकीला आलं. माझ्या मसुद्यातली वाक्यं त्या लकडा लावणाऱ्यांच्या वाक्यांसारखीच होती. मी मेसेज पुसला.

त्याऐवजी लिहिलं की पुढची दोन वर्षं या भागात देवनागरीची कुठलीही तक्रार आली तर मला टॅग करा, दुरुस्ती मी करीन. कारण खरी अडचण तीच असते: घेतलेला कोड पुढं सांभाळणार कोण. २००७ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेड्युलरवरून, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या भागावरून, जो वाद झाला, त्यातही हेच होतं. कॉन कोलिव्हास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ. त्यांनी फावल्या वेळात शेड्युलर लिहिला होता. इंगो मोल्नार यांनी त्याच दिशेनं आपला लिहिला, कल्पनेचं श्रेय कोलिव्हासना दिलं, आणि लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत मोल्नार यांचाच गेला. कोड कसा आहे याच्याइतकंच, तक्रार घेऊन आलेल्याशी कोण कसं वागतं, हेही लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सनी पाहिलं. कोलिव्हासनी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम सोडलं. इतकी वर्षं राबून दुसऱ्याचा कोड आत जाताना बघणं किती जिव्हारी लागलं असेल, हे मला आता कळतं. पण कोड घेणं म्हणजे दुसऱ्याचं लेकरू कायमचं सांभाळायला घेणं, हेही कळतं.

अकरा दिवसांनी पहिल्या मेंटेनरचं उत्तर आलं. उशीर झाल्याबद्दल त्यानं माफी मागितली होती, घरी आजारपण होतं म्हणाला. टेस्ट त्यानं स्वतः चालवून पाहिल्या होत्या. शेवटी पुन्हा एकच प्रश्न: नेपाळीतही हा र आहे, तिथं काही मोडत नाही ना?

या वेळी मी लगेच उत्तर दिलेलं नाही. नेपाळीत गर्‍यो, पर्‍यो असे शब्द पावलोपावली येतात. रोज नेपाळीत टाइप करणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्याकडून हे दोन शब्द मोबाइलवर आणि संगणकावर टाइप करून घ्या आणि मला जसेच्या तसे पाठवा. फोटो नको, मजकूर हवा. फोटोत जॉइनर दिसत नाही.