पोरांच्या हातात नेट देता? हो, देते

"मॅडम, वर्गात मुलांना नेट देता, बिघडत नाहीत का पोरं?" पालकसभेत, लग्नात, एसटीत, कुठेही भेटले की लोक हेच विचारतात, आज तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला शिकवते. शाळेत दोन टॅब आणि माझा फोन, एवढंच. पुस्तकातले क्यूआर कोड आम्ही स्कॅन करतो, व्हिडिओ बघतो, पण त्यात मुलं नुसती बघत बसतात. खरी गंमत सुरू झाली ती मुलांनी मराठी विकिपीडियावर गावाचं पान उघडलं तेव्हा. अमुक तालुक्यातलं एक गाव, एवढी एकच ओळ! पोरं हिरमुसली. म्हटलं, तिथे कुणीही लिहू शकतं, मग आपणच लिहू की.

विकिपीडियावर सरावाच्या जागेला धूळपाटी म्हणतात. पूर्वी मुलं धुळीवर अक्षरं गिरवायची ना, तोच शब्द, मला फार आवडतो. आम्ही आधी वहीत लिहितो, मग धूळपाटीवर, मग पानावर, आणि सेव्ह मी माझ्या खात्यातूनच करते कारण मुलांची नावं नेटवर जाऊ द्यायची नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलंय.

लोकसंख्या २०११च्या जनगणनेतून मिळाली, ते सोपं होतं. अडलं ते गावातल्या बारवेपाशी, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी. एक मुलगा म्हणाला, अहिल्याबाईंनी बांधली, आजोबा सांगतात. एका मुलीनं घरी एआयला विचारून थेट सालच आणलं. मी दोघांना एकच विचारलं, कुठे लिहिलंय? तिनं माझ्यासमोर परत विचारलं तर एआयनं दुसरंच साल दिलं, तेही तितक्याच ठामपणे, आणि वर्ग एकदम गप्प झाला. अर्धा तास भाषण देऊन मला जे जमलं नसतं ते त्या एका मिनिटात झालं.

पण तो मुलगा रडवेला झाला होता. "म्हणजे माझे आजोबा खोटं बोलतात?" नाही रे बाळा. अहिल्याबाईंनी देशभर इतक्या विहिरी, बारवा, घाट बांधले की गावोगावच्या बारवेला त्यांचं नाव जोडलं जातं, आपलीही त्यांची असेल, नसेलही, पण पुरावा नसलेल्या वाक्यापुढे तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण पडते आणि ती पडायलाच हवी. मग आजोबांना विचारून त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि शाळेच्या पेनड्राइव्हवर 'सांगतात' नावाचं फोल्डर केलं. आता त्यात १९ जणांचं बोलणं आहे, जात्यावरच्या ओव्यासुद्धा.

फोटोचंही तसंच. नेटवरून असाच उचललेला फोटो विकिपीडियावर चालत नाही, स्वतः काढलेला किंवा काढणाऱ्यानं सगळ्यांच्या वापरासाठी मोकळा केलेला लागतो आणि आपला फोटो एकदा तिथे दिला की जगात कुणीही वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीही. हे कळल्यावर मुलींनी आपणहून ठरवलं की बारवेवर धुणं धुणाऱ्या बायका फोटोत नकोत. सकाळी सहाला जाऊन रिकाम्या पायऱ्यांचा फोटो काढून आणला त्यांनी!

तो फोटो आज पानावर आहे. बारव कुणी बांधली ते अजून लिहिलेलं नाही, यंदाची नववी जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, चाळतेय आणि पायऱ्यांजवळच्या दगडावर झिजलेली अक्षरं आहेत ती वाचून देणारं कुणीतरी शोधतेय.