हाड वाहून येतं, बीळ येत नाही

"मॅडम, आपल्याकडं डायनासोर सापडतो का हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत विचारतात, आणि शाळांच्या सहली हैदराबादहून परतल्या की हमखास विचारतात. तिथल्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात कोटासॉरस या डायनासोरचा सांगाडा उभा केलाय. तो प्राणी निघाला यामनपल्लीला, आपल्या किनवटला लागून असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात. पोरांचा हिशेब सरळ असतो. शेजाऱ्याकडं आहे, तर आपल्या मराठवाड्यात का नाही?

त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. मी जीवाश्म शोधते, आणि मांजरा नदीच्या काठी दरडीला नाक लावून बसलेली बाई दिसली की शेळ्या राखणारे आजोबा हटकतातच, "काय हुडकायलाव, बाई? काही पडलंय का?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत आणि ती उभ्या उभ्या देता येत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून सवडीनं सांगते.

आधी डायनासोरचं. आपल्याकडं विहीर खणणाऱ्याला भूशास्त्र शिकवावं लागत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ दगड, मग काळा पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा आणि पुन्हा पाषाण. माती-मुरूम सोडले तर हा सगळा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, थरावर थर बसलेला. उकळत्या दगडात हाड टिकत नाही, एवढी साधी अडचण आहे. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतलं गेलं. त्यात 338 मीटरपर्यंत नुसता लाव्हा लागला. त्याखाली जेमतेम 8 मीटर जुना गाळ, आणि मग थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाचा खडक. लाव्हा यायच्या आधी लातूर-धाराशिवच्या जमिनीवर जे कोणी हिंडत होतं, त्याची खूण शोधायची तर त्या आठ मीटरांत शोधावी लागेल. बोअरच्या बारीक नळीत नेमकं हाड यावं, एवढी अपेक्षा कुणी ठेवू नये.

म्हणजे मराठवाड्याच्या दगडात काहीच नाही, असा अर्थ काढू नका. लाव्हा एका दमात आलेला नाही. एक लोट यायचा, निवायचा, मग बराच काळ शांतता असायची. तेवढ्यात वरचा दगड कुजून माती व्हायची, खळग्यांत पाणी साठायचं, तळी व्हायची, झाडं यायची, गोगलगाई यायच्या. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकायचा. घाटरस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा बहुतेक ठिकाणी अशाच शांततेतला असतो. काही ठिकाणी तळ्यांचा गाळही शिल्लक राहिला आणि दगड झाला. आमच्या बोलण्यात त्याला अंतर्ट्रॅपी थर म्हणतात. माल्कमसन नावाच्या डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखातल्या निर्मळच्या डोंगरांकडचे असे थर पाहून लिहून ठेवले. पुढं नागपूरच्या टाकळीत रेव्हरंड हिस्लॉप यांनी भरपूर जीवाश्म गोळा केले आणि 1855 मध्ये त्यांवर लिहिलं. या थरांत सगळ्यांत जास्त भेटते ती फायसा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय, डावीकडं तोंड उघडणारा शंख असलेली. गोड्या पाण्यातली, हे महत्त्वाचं. आपल्याकडं तळी होती, समुद्र नव्हता. हीच गोदावरी जिथं आज समुद्राजवळ पोचते त्या राजमहेंद्रीच्या परिसरात मात्र लाव्हाच्या थरांमध्ये खाऱ्या पाण्यातले जीव सापडतात.

इथं एक थांबा घेते, कारण तुम्ही मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता. नांगराला लागलेला गोल गरगरीत धोंडा अंडं नसतो. काळा दगड कुजताना कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो आणि आत गोळा उरतो. फरशीच्या दगडावर दिसणारं नेच्याचं सुरेख पान हे बहुतेक वेळा मँगनीजचं असतं, फटीत झिरपून वाढलेलं. पांढरे टोकदार सुळे म्हणजे झिओलाइट या खनिजाचे स्फटिक, आणि त्यांच्यासाठी तर परदेशातले संग्राहक आपल्या दगडावर जीव टाकतात. या सगळ्या सुंदर वस्तू आहेत, फक्त कधी जिवंत नव्हत्या. जीवाश्मच घरात हवा असेल तर आधी देवघरात बघा. शाळिग्राम हा नेपाळातल्या काळी गंडकीतून येणारा अमोनाइट असतो, समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याचा. त्यावरचं चक्र म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाचे वेढे. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याचा पुरावा आपण पिढ्यान् पिढ्या तुळस वाहून सांभाळलाय.

आता दरडीला नाक लावण्याचं कारण. लाव्हाच्या मानानं अगदी अलीकडं, म्हणजे गेल्या काही लाख वर्षांपासून काही हजार वर्षांपर्यंत, मांजरा आणि गोदावरीनं काठाकाठानं गाळ साठवला. वाळू, गोटे, पिवळी माती, चुनखडीचे खडे. त्या गाळात हत्ती, पाणघोडे, रानबैल, घोडे यांची हाडं आहेत. लातूर जिल्ह्यातलं हारवाडी हे त्यासाठी अभ्यासकांना ठाऊक असलेलं नाव, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी मांजरेच्या खोऱ्यात याच हाडांवर काम केलंय. ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाणघोडा डुंबत होता, हे सांगितलं की वर्गात शांतता होते.

पण माझं मन हाडांवर फार बसत नाही, आणि इथंच माझं माझ्याच बिरादरीतल्या काहींशी जमत नाही. हाडाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, बिळाचा येत नाही. मला विचाराल तर बीळ जास्त खरं बोलतं.

कारण हाड वाहून येतं. मांजरा निघते बीडच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरांत. हत्ती तिकडं माळावर मेला आणि त्याची दाढ पुराबरोबर लातूरकडं आली, तर ती दाढ लातूरच्या रानाबद्दल काय सांगणार? शिवाय नदी आपलाच जुना काठ फोडते. एका काळच्या थरात पुरलेलं हाड उकरून ते दुसऱ्या, कितीतरी नव्या थरात नेऊन टाकते. 1865 च्या सुमारास पैठणसमोरच्या मुंगीला विन नावाच्या भूगर्भ सर्वेक्षकाला गोदावरीच्या गाळात, जिथं प्राण्यांची हाडंही निघतात अशा थरात, अकीकाचा माणसानं तासलेला तुकडा मिळाला होता. माणूस आणि तो प्राणी एकमेकांसमोर उभे राहिले होते, असं यावरून म्हणावंसं वाटतं. पण दोघांना एका जागी आणणारं पाणीही असू शकतं. खड्यांच्या थरात सोबत सापडणं म्हणजे सोबत जगणं नव्हे.

बीळ ही पोकळी आहे. पोकळी उचलून कुणी नेत नाही. काठ फुटला तर बीळ फुटतं, संपतं, पण खाली कुठं जाऊन पुन्हा बसत नाही. म्हणून गाळात बीळ दिसलं, की तो जीव याच जागी, याच चिखलात, याच थराच्या वेळी जगत होता, एवढं छातीठोक सांगता येतं. पाऊलखुणा, बिळं, मुळांचे ठसे, कुरतडल्याच्या खुणा, विष्ठा, या सगळ्यांना मिळून खुणांचे जीवाश्म म्हणतात. त्यांना नावंही खुणेची दिली जातात, प्राण्याची नाही. सरळ उभ्या नळीसारख्या बिळाला स्कोलिथॉस म्हणायचं, मग ते किड्यानं केलेलं असो की आणखी कुणी. नवख्याला हे विचित्र वाटतं. पण एकच खेकडा चालतो तेव्हा एक खूण सोडतो, खातो तेव्हा दुसरी आणि खणतो तेव्हा तिसरी. खुणेवरून खणणाऱ्याचं नाव घाईनं ठोकणं हा पोलिसी उतावळेपणा झाला.

खेकड्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्यापाशी थोडी थांबते. गोड्या पाण्यातले अनेक खेकडे ओलाव्यापर्यंत बीळ नेतात. पाणी खाली गेलं की बीळही खाली जातं. म्हणजे जुन्या गाळात खेकड्याचं बीळ मिळालं, त्याचं तोंड कुठल्या पातळीला आहे आणि तळ कुठं आहे हे मोजलं, की त्या काळच्या उन्हाळ्यात भूजल साधारण किती खोल होतं याचा अंदाज येतो. हाडात हे नाही. त्याच 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावला मांजरा धरणाचं पात्र उघडं पडलं होतं. भेगाळलेला गाळ, त्यावर बगळ्यांची पावलं आणि खेकड्यांची भोकंच भोकं. आम्ही त्या बिळांत प्लास्टर ओतून त्यांचे साचे काढले. लातुरात तेव्हा पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावलेली होती, त्यामुळं प्लास्टर कालवायला गावात पाणी मागण्याची हिंमत झाली नाही. पाणी घरून नेलं, तेही वापरलेलं. साचे सुकून वर आले तेव्हा कळलं की बिळं सरळ नाहीत. काही अंतर खाली जायचं, आडवी खोली करायची, पुन्हा खाली. पाणी ज्या टप्प्यांनी आटलं असावं, ते टप्पे प्लास्टरमध्ये उतरले होते. आजचं बीळ असं वाचता आलं, तरच दगडातलं वाचता येतं. म्हणून दुष्काळात आमच्यासारख्यांचं काम वाढतं, आणि ते वाढल्याचा आनंद कुणाला दाखवता येत नाही.

दरडीत बीळ ओळखायचं कसं? रंग बघायचा. भोवतीची माती पिवळी आणि आतली भर राखाडी किंवा वाळूची असेल, तर बीळ रिकामं असताना पूर आला आणि त्यानं आणलेला माल आत भरला. मग जाडी बघायची. बीळ वरून खालपर्यंत साधारण सारख्या रुंदीचं राहतं, मूळ मात्र फाटे फोडत निमुळतं होत जातं. मुळाभोवती चुना साठून पांढऱ्या नळ्या तयार होतात आणि लोक त्या हाडं म्हणून आणून देतात. त्यांना मी परत पाठवत नाही. चुन्याची नळी म्हणजे तिथं कधीतरी पूर थांबला होता, जमीन उघडी राहिली होती, तिच्यावर झाडोरा उगवला होता आणि हवा कोरडी होती, इतकी माहिती. कधी कधी बीळ खालून वर चढत गेलेलं दिसतं, आणि त्याच्या आजूबाजूचे मातीचे पापुद्रे वाकलेले असतात. आत राहणाऱ्यावर एकाएकी गाळ पडला आणि तो जीव मुठीत घेऊन वर निघाला. पूर एका रात्रीत आला की हळूहळू, हे तिथं कळतं.

काळ्या मातीत मात्र यातलं काही मागू नका. वैशाखात तिला हात-हात भेगा पडतात, वरचं खाली जातं, पावसात ती फुगते आणि खालचं वर ढकलते. शेतात सापडलेली वस्तू किती जुनी, हे ती किती खोल होती यावरून ठरवता येत नाही. आमच्या कामासाठी काळी माती म्हणजे खोडून टाकलेलं पान.

खुणांमध्ये सगळ्यांत जास्त हसू येतं ते विष्ठेला. पण चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथं लाव्हाच्या खालच्या थरात डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि 2005 मध्ये जाहीर केलं की आत गवताचे कण आहेत. गवत आपल्या पेशींत सिलिका साठवतं. ऊसतोड कामगारांचे हात पाल्यानं कापतात ते याच सिलिकामुळं. हे कण कुजत नाहीत आणि त्यांच्या आकारावरून गवताचं कूळ कळतं. तोपर्यंत गवत डायनासोरांनंतर पसरलं असं मानलं जायचं. पिसदुऱ्याच्या विष्ठेत किमान पाच प्रकारची गवतं निघाली. त्या प्राण्याचं आख्खं हाड समोर ठेवलं असतं तरी त्यानं गवत खाल्लं की नाही, हे इतकं सरळ कळलं नसतं.

तेव्हा डायनासोरचं उत्तर असं: मराठवाड्यात तो लाव्हाच्या खाली शोधावा लागेल, आणि खाली जायला पैसे लागतात. नदीकाठचं काम बिनपैशाचं आहे, फक्त वेळ थोडा उरलाय. वाळूच्या उपशात दरडी कोसळतात, आणि हाड निदान कुणीतरी उचलून घरी नेतं, बीळ मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मातीबरोबर जातं. तुमच्या शेताच्या कडेला काठ कापलेला असेल आणि त्यात काही दिसलं, तर ते उपटू नका. शेजारी पेन किंवा दहाचं नाणं ठेवून एक फोटो जवळून घ्या, एक पूर्ण दरड दिसेल असा लांबून घ्या, वरून किती हातांवर आहे ते लिहून ठेवा, आणि जवळच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवणारं कुणी असेल त्यांना पाठवा. लांबून घेतलेला फोटो विसरू नका, लोक नेमका तोच विसरतात.