इसेला जाताना: आधी गेकू, मग नाइकू

कौपिनेश्वराच्या दारात चपला काढायची सवय असलेल्या ठाणेकराचा हात शिंतो देवळासमोर आपसूक बुटाच्या नाडीकडे जातो. जपानमधल्या इसे या शिंतो तीर्थक्षेत्री बूट काढायचे नाहीत. उलट जाड तळाचेच घाला, वाट सगळी खडीची आहे.

नागोयाहून किंतेत्सू या खासगी रेल्वेची लिमिटेड एक्सप्रेस दीड तासाच्या आत इसेशीला पोचते. जेआर (जपान रेल्वे) पास तिथे चालत नाही, वेगळे तिकीट काढा. स्टेशनापासून ५ मिनिटांवर गेकू, म्हणजे बाहेरचे देवस्थान. ते सोडून थेट नाइकूची, म्हणजे आतल्या देवस्थानाची, बस धरू नका. गेकूतली तोयोउके ही अन्नाची देवता. नाइकूच्या अमातेरासू या सूर्यदेवतेचा रोज दोन वेळचा नैवेद्य इथे होतो आणि त्याचा अग्नी आपल्या अरणीसारखा लाकूड घासून पाडतात. आधी गेकू या रीतीचा अर्थ इथे उभे राहिल्यावर जास्त कळतो.

हात धुण्याचा क्रम: ओगराळे उजव्या हातात घेऊन डावा हात, मग हात बदलून उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी ओता, चूळ भरा आणि डावा हात परत धुवा. शेवटी ओगराळे उभे धरले की उरलेल्या पाण्याने दांडा धुतला जातो. हे सगळे एकाच ओगराळ्यात बसवायचे, म्हणून पहिल्या हातावर थोडेच ओता. ओगराळे तोंडाला लावू नये, चूळ कुंडात टाकू नये. नाइकूत इसुझू नदीच्या पायऱ्या उतरूनही हात धुता येतात. त्या पायऱ्यांवर जरा थांबाच. देवस्थानाचे जंगल ५,५०० हेक्टर आहे, आपल्या येऊरसकट अख्ख्या राष्ट्रीय उद्यानाच्या निम्म्याहून मोठे.

वाटेचा मध्य देवाचा. गेकूत डावीकडून चाला, नाइकूत उजवीकडून. देवापुढे दोनदा कमरेत वाका, दोन टाळ्या वाजवा, पुन्हा एकदा वाका. मूर्ती शोधू नका. आत पवित्र आरसा आहे, समोर दिसतो तो पांढरा पडदा. दगडी पायऱ्यांच्या वर फोटोला मनाई आहे. मुख्य देवळात फक्त आभार मानायचे. मागणे असेल तर ते नाइकूच्या मागच्या अरामात्सुरी-नो-मिया या उपदेवळात.

शेजारी मोकळी जागा दिसेल. दर २० वर्षांनी देऊळ तिथे नव्याने उभे राहते, मागचे २०१३ साली झाले, पुढचे २०३३ला. जुने लाकूड वाया जात नाही. निघताना नाइकूच्या दारातल्या उजी पुलाकडे बघा: आतल्या टोकाची तोरी (लाकडी कमान) नाइकूच्या जुन्या खांबांची, बाहेरची गेकूच्या.