तिवाई बेटावर दोन रात्री, खुज्या पाणघोड्याच्या मागावर

मू डेंग ही खुज्या पाणघोड्याची मादी थायलंडच्या प्राणिसंग्रहालयात जन्मली, पण तिच्या जातीचं मूळ घर पश्चिम आफ्रिकेत: लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट. फेब्रुवारीत आम्ही सिएरा लिओनमध्ये, मोआ नदीतल्या तिवाई बेटावर दोन रात्री राहिलो. बेट अवघं १२ चौरस किलोमीटरचं.

आधीच सांगते, प्राणी दिसला नाही. तो एकटा राहतो, दिवसभर ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात दडतो आणि अंधारात पाला, कोंब, गळलेली फळं खायला निघतो. आमचा वाटाड्या इथलाच, त्यालाही तो मोजक्याच वेळा दिसलाय.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने मला ओढ्याकाठी वाकायला लावलं. चिखलात चार फाकलेल्या बोटांचा ठसा, माझ्या तळहाताएवढा. त्यात पाणी अजून झिरपत होतं, म्हणजे जनावर रात्रीच गेलेलं. शेजारच्या झुडपावर शेण उडालेलं. शेपटी झपाझप हलवून तो ते शिंपडतो आणि आपली वाट आखून ठेवतो. पुढे झुडपांत बोगद्यासारखी वाट होती. मी रांगतच चार हात आत गेले. उंचीने मीटरभरही नसलेलं, दोन-अडीचशे किलोंचं ते धूड इथून रोज जातं, या विचाराने अंगावर काटा आला.

२०१५ च्या अंदाजानुसार जंगलात प्रौढ खुजे पाणघोडे २,५०० हूनही कमी उरलेत. शेती, लाकूडतोड आणि खाणी जंगल खातात, वर मांसासाठी शिकार. मादीला सहा-सात महिन्यांच्या गर्भारपणानंतर एकच पिल्लू होतं, त्यामुळे मारलेल्या जनावराची जागा लवकर भरत नाही. तिवाई १९८७ पासून अभयारण्य आहे. २०२५ मध्ये गोला जंगलासह ते जागतिक वारसा यादीत आलं, सिएरा लिओनचं पहिलंच स्थळ. मला त्यात काठावरच्या मेंडे लोकांच्या गावांचा वाटा फार मोठा वाटतो. म्हणून वाटाड्या आणि होडी तिथलीच घ्या.

जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि कार्ड जपा. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवस विलगीकरणात काढावे लागतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. या भागात उंदरांमुळे लासा ताप पसरतो, खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. रोकड राजधानी फ्रीटाउन किंवा बो शहरातच काढा. फ्रीटाउनहून पहाटेच निघा: बोच्या पुढे रस्ता कच्चा आहे, आणि कंबामा गावातून होडी उजेडातच गाठलेली बरी.